माक्सिमिरचे मैदान आणि ‘दिनामो’ हे नाव

क्रोएशियाची राजधानी झाग्रेबमध्ये माक्सिमिर उद्यानासमोरचे मैदान 1912 मध्ये खुले झाले, तेव्हा दिनामो हा फुटबॉल क्लब अस्तित्वातच नव्हता. मैदान हाश्क या क्लबचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या साम्यवादी सत्तेने हाश्क, ग्राजान्स्की आणि कॉन्कॉर्डिया हे शहरातले तिन्ही मोठे जुने क्लब मोडीत काढले आणि जून 1945 मध्ये दिनामो उभा राहिला. निळा रंग आणि बरेच खेळाडू ग्राजान्स्कीकडून आले. हाश्कच्या मैदानावर दिनामो 1948 मध्ये मुक्कामाला आला. 1967 मध्ये लीड्स युनायटेडला हरवून त्याने फेअर्स कप ही युरोपीय क्लबांची स्पर्धा जिंकली.

पुढचा इतिहास 13 मे 1990 या तारखेपासून सांगायला हवा. तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग असलेल्या क्रोएशियात पहिल्या बहुपक्षीय निवडणुका नुकत्याच झाल्या होत्या. त्या दिवशी माक्सिमिरवर सर्बियाच्या राजधानीतल्या, बेलग्रेडच्या रेड स्टार या क्लबशी सामना होता. दंगल उसळली आणि सामना होऊच शकला नाही. पोलीस एका चाहत्याला मारत असताना दिनामोच्या तरुण कर्णधाराने पोलिसाला लाथ घातली. त्यापायी झालेल्या बंदीमुळे त्याचा त्या वर्षीचा विश्वचषक हुकला. युगोस्लाव्हियातील युद्ध इथूनच सुरू झाले, असे स्टेडियमबाहेरचे स्मारक सांगते. ते अतिशयोक्त आहे, युद्धाची कारणे फुटबॉलपेक्षा कितीतरी खोल होती. पण स्टँडमधले अनेक तरुण पुढे खरोखरच आघाडीवर लढायला गेले, हेही तितकेच खरे.

त्यामुळेच नावाचा वाद इतका जिव्हारी लागला. ‘दिनामो’ या नावाला साम्यवादी राजवटीचा वास येतो, मॉस्को, कीव्ह, पूर्व बर्लिन अशा सगळीकडे याच नावाचे क्लब होते, असा नव्या सत्ताधाऱ्यांचा मुद्दा. 1991 मध्ये क्लब ‘हाश्क ग्राजान्स्की’ झाला आणि 1993 मध्ये ‘क्रोएशिया’. यात एक गंमत नव्हे, विसंगती आहे: क्रोएशियन माणूस आपल्या देशाला ‘हर्वात्स्का’ म्हणतो. ‘क्रोएशिया’ हे नाव बाहेरच्या जगाने वाचावे म्हणून निवडलेले होते. घरच्या प्रेक्षकाच्या तोंडी ते नव्हतेच. राष्ट्राध्यक्ष स्वतः या नावामागे उभे होते. ‘बॅड ब्लू बॉइज’ हा 1986 पासूनचा चाहत्यांचा गट मात्र प्रत्येक सामन्यात ‘दिनामो’चाच घोष करत राहिला. ज्यांनी देशासाठी बंदूक उचलली, त्यांनीच क्लबवर देशाचे नाव नको म्हटले. यात देशद्रोह शोधणाऱ्यांना साधी गोष्ट दिसली नाही: आजोबा-वडिलांनी ज्या नावाने आरोळी दिली, ते नाव कोणत्याही पक्षाचे राहिलेले नव्हते. क्लब ‘क्रोएशिया’ म्हणून चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला, देशातली विजेतेपदे मिळवत राहिला, तरी राग निवळला नाही. डिसेंबर 1999 मध्ये राष्ट्राध्यक्षांचे निधन झाले आणि फेब्रुवारी 2000 मध्ये ‘दिनामो’ परत आले.

वंशावळीचा प्रश्न तरीही उरलाच. 2011 मध्ये क्लबने स्वतःला ग्राजान्स्कीचा वारस ठरवून शंभरी साजरी केली. 1945 हे जन्मवर्ष मानणाऱ्यांना हे मान्य नाही, आणि मैदान ज्याचे होते तो हाश्क या हिशेबात मागेच पडतो.

नंतरची वर्षे विजेतेपदांची, पण स्टँड रिकामे पडण्याचीही. चाहत्यांचे भांडण आता व्यवस्थापनाशी होते. ‘एक सदस्य, एक मत’ ही त्यांची मागणी होती. क्लबची सूत्रे दीर्घकाळ हाती ठेवणाऱ्या व्यक्तीला 2018 मध्ये खेळाडूंच्या विक्रीतील पैशांच्या प्रकरणात न्यायालयाने दोषी ठरवले. मार्च 2020 च्या भूकंपानंतर माक्सिमिरचा पूर्वेकडील स्टँड प्रेक्षकांसाठी बंद झाला. अखेर मार्च 2025 मध्ये सदस्यांच्या थेट मतदानाने निवडणूक झाली आणि 1990 मध्ये लाथ घालणारा तो कर्णधार क्लबचा अध्यक्ष झाला.