पाय धुण्याची गोष्ट: ठाण्यातल्या ख्रिस्ती नम्रतेची पार्श्वभूमी

पवित्र गुरुवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारच्या संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर रोजचीच गर्दी असते. भेळवाले, फुगेवाले, बोटीसाठी हट्ट धरून बसलेली पोरं. तिथल्याच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये आणि जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये त्या संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनेत, एक वेगळाच विधी असतो. वेदीसमोर बारा माणसं बसतात. फादर वरचा झगा उतरवून कमरेला टॉवेल गुंडाळतात, एकेकापुढे वाकून त्याच्या पावलावर पाणी ओततात आणि ते पुसतात. यासाठी निवडलेली माणसं घरूनच पाय घासून, नखं कापून आलेली असतात. मळक्या पायांनी आलेला कोणी मी तरी अजून पाहिलेला नाही. आपल्यासाठी दुसऱ्याला वाकायला लावणं माणसाला किती अवघड जातं, ते या आधीच धुतलेल्या पायांवरून कळतं.

विधी योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायातून आला. अटक झाली त्याच रात्री, त्याआधी, येशू शिष्यांचे पाय धुतो आणि त्यांतला पेत्र ठाम नकार देतो. त्याचा नकार समजण्यासारखा आहे, कारण त्या काळात पाहुण्यांचे पाय धुणं हे घरातल्या गुलामाचं काम होतं. ग्रीक-रोमन जगात नम्रता हा सद्गुणच नव्हता. 'तापेइनोस' या ग्रीक शब्दाचा रोजच्या वापरातला अर्थ हलका, हीन, खालच्या पायरीवरचा. हाच शब्द उचलून ख्रिस्ती लोकांनी त्याला मान दिला. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने तुरुंगातून फिलिप्पै गावच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यात ख्रिस्ताने 'स्वतःला रिक्त केले' असं म्हटलं आहे. ते लिहिताना आपली सुटका होणार की मरण येणार, हे पौलाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमन साम्राज्यात मोठी साथ पसरली, तेव्हा अलेक्झांड्रियाच्या बिशप डायोनिसियसने एका पत्रात लिहिलं की ख्रिस्ती लोक आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतःच मरण पावले. पत्र बिशपचं, तेव्हा आपल्या माणसांचं कौतुक त्यात असणारच. ४१० साली रोम लुटलं गेलं. त्याच सुमाराला ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने एका विद्वान तरुणाला कळवलं: सत्याची पहिली वाट नम्रता, दुसरी नम्रता, तिसरीही नम्रताच.

ठाण्याचं नाव या इतिहासात १३२१ साली येतं आणि तेही एका घरगुती भांडणामुळे. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिबिलिसीचे दिमित्री हे चार फ्रान्सिस्कन साधू समुद्रमार्गे कोल्लमकडे निघाले होते. गलबत ठाण्याला लागलं. इथे नेस्टोरियन या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाची काही ख्रिस्ती घरं आधीपासून होती. त्यांतल्या एका घरी ते उतरले. एके दिवशी त्या घरधन्याने बायकोला मारलं. बाई काजीकडे गेली आणि साक्षीदार कोण विचारल्यावर म्हणाली, घरी चार फिरंगी साधू आहेत, त्यांना विचारा. पीटर सामानाजवळ थांबले, बाकीचे तिघे गेले. मारहाणीचा विषय बाजूला पडला आणि धर्माचा वाद पेटला. पैगंबरांबद्दल विचारल्यावर साधूंनी अतिशय कठोर उत्तर दिलं. शेवटी चौघेही मारले गेले. ही हकिगत पुढे काही वर्षांनी ठाण्याला आलेल्या ओदोरिक या प्रवाशाने लिहून ठेवली. त्यांच्या अस्थी त्याने थेट चीनपर्यंत नेल्या.

चर्चच्या परंपरेत हे चौघे हुतात्मे आहेत आणि त्यांच्या धैर्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण नम्रता शोधायची असेल तर मला त्या हकिगतीत दुसरीच माणसं दिसतात. एक, अनोळखी पंथाच्या परक्यांना ओसरी देणारं ते घर. त्यातल्या मार खाल्लेल्या बाईचं नाव कोणीच लिहून ठेवलं नाही. दुसरा जॉर्डनस, चौघांसोबतचा डोमिनिकन साधू. घटनेच्या वेळी तो ठाण्यात नव्हता. परत येऊन त्याने देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि नंतरही तो याच किनाऱ्यावर राबत राहिला.

पुढे दोनशे वर्षांनी हवा पालटली. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी (ठाणं ज्यावर आहे ते बेट) पोर्तुगीजांकडे गेली. तलावाकाठचं चर्च सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी उभं केलेलं. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, हे खरं. साष्टीतली देवळं पाडली गेली, धर्मांतरामागे सत्तेचा दाब होता, हेही तितकंच खरं. विधीपुरते पाय धुणारा धर्म सिंहासनाच्या शेजारी बसला की काय होतं, ते या दोन शतकांत दिसतं. पोर्तुगीजांनी ठाण्यात बांधायला घेतलेला किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. युरोपीय पाद्री निघून गेले, कित्येक चर्च ओस पडली. पदरात सत्ता नाही, डोक्यावर राजा नाही, उद्या काय होईल याचा भरवसा नाही. ठाण्याच्या ख्रिस्ती समाजाचा हा खरा कसोटीचा काळ. या काळाची एक डोळ्यांदेखतची नोंद आहे. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथाच्या शोधात सुरतेला आलेला फ्रेंच विद्वान आंकतिल द्यु पेराँ १७६० साली कान्हेरीच्या लेण्यांकडे जाताना ठाण्यात आला आणि इथल्या चर्चमधल्या मोठ्या सणाला हजर राहिला. साष्टीच्या गावागावांतून हजारो ख्रिस्ती जमले होते. सणाचा थाट पाहून तो चकित झाला. वेदीवर एकही युरोपीय नव्हता, पुरोहित सगळे इथलेच. कोणी अडवत नव्हतं.

आणि त्याच १७६० साली, त्याच तलावाकाठी, सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर कौपीनेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करवत होते. या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या पुस्तकांत असतात, म्हणून त्या शेजारी शेजारी आहेत हे आपल्या ध्यानात येत नाही. ज्यांची देवळं पडली होती त्यांचं राज्य आलं आणि तरी शेजारच्या चर्चची घंटा वाजत राहिली. औदार्याची गोष्ट सांगताना ख्रिस्ती माणसाने हे विसरू नये, असं मला वाटतं. इथे हात देणारा दुसरा होता आणि घेणारे आपण होतो. पेत्राला जमत नव्हतं ते हेच.

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं घेतलं, १८५३ मध्ये आगगाडी आली. नोकऱ्यांसाठी गोवा-मंगळुराकडून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, हे दाखवायला इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ साली 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. घरातली बोली मात्र मराठीच राहिली. १८९६ मध्ये प्लेग आला. माणसं चर्चमध्ये दाटीने बसायला घाबरू लागली, म्हणून मुंबई आणि साष्टीच्या गावठाणांत उघड्यावर क्रूस उभारले गेले आणि प्रार्थना त्यांच्यापुढे होऊ लागल्या. त्यातले कित्येक क्रूस अजून आहेत. लिटनी ही सामूहिक प्रार्थना संपल्यावर उकडलेले चणे वाटायची रीतही आहे. ओंजळ पुढे केली की चणे मिळतात, तू कोणाचा हे कोणी विचारत नाही.

घाटावरच्या मराठी ख्रिस्ती परंपरेचा धागा वेगळा, तरी इथे तो जोडावा लागतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा बंधुवर्ग मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. परदेशी पैशावर उभं राहून नम्रतेचं प्रवचन देता येत नाही, हे त्यांना पुरतं उमगलं होतं.

पाय धुण्याच्या विधीतही बदल व्हायचे होते. नियमाप्रमाणे त्या खुर्च्यांवर पुरुषच बसत. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात मुलींचे आणि मुसलमान कैद्यांचेही पाय धुतले. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी नियमच बदलला आणि बायकांनाही जागा मिळाली. २०२५ च्या पवित्र गुरुवारी, आजारातून पुरते सावरलेले नसतानाही, ते रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले. दर वर्षी करायचो ते यंदा जमणार नाही, पण तुमच्याजवळ यायचं होतं, अशा अर्थाचं ते कैद्यांना बोलले. त्यानंतर चारच दिवसांनी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, ते गेले.