सल्ब्युटियामिन की बेनफोटियामिन? नाव जवळचं, काम लांबचं

लातूरच्या शिकवणीतलं पोरगं 'मेमरीची गोळी' म्हणून सल्ब्युटियामिनची चौकशी करतं. मेडिकलवर मात्र सहज मिळतं ते बेनफोटियामिन. दोन्ही थायमिनची, म्हणजे व्हिटॅमिन बी१ ची कृत्रिम रूपं आणि दोन्ही जपानी संशोधनातून आलेली. म्हणून 'एकच की' असं म्हणून घेतलं जातं. एकच नाही.

साधं थायमिन पाण्यात विरघळतं. मोठा डोस घेतला तरी आतडं त्यातलं थोडंच आत ओढतं. ही अडचण दोघांनी वेगवेगळी सोडवली. सल्ब्युटियामिनमध्ये थायमिनचे दोन रेणू गंधकाच्या दुव्याने जोडलेत. ते चरबीत विरघळतं, त्यामुळं मेंदूपर्यंत पोचतं. उंदरांच्या मेंदूत थायमिनची रूपं वाढलेली दिसली आहेत. बेनफोटियामिन तसं चरबीत विरघळत नाही. आतड्यात त्याचा फॉस्फेट सुटतो, उरलेला भाग आत शिरतो आणि पुढं त्याचं थायमिन होतं. रक्तात आणि यकृतात ते भरपूर वाढतं, पण उंदरांच्या मेंदूत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे पोराच्या स्मरणशक्तीसाठी म्हणून बेनफोटियामिन घेणं हे बहुधा चुकीचं दार ठोठावणं.

वजनाचा हिशेबही वेगळा. २०० मिलिग्रॅम सल्ब्युटियामिनमधून साधारण १५० मिलिग्रॅम थायमिन निघतं, १५० मिलिग्रॅम बेनफोटियामिनमधून साधारण ८५. रोजची गरज? जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि शेंगदाण्याची चटणी रोज पोटात जात असेल, तर ती बरीचशी तिथंच भागते. फक्त डाळ लवकर शिजावी म्हणून खायचा सोडा टाकू नका. सोड्यानं थायमिन नासतं.

सल्ब्युटियामिन फ्रान्समध्ये 'आर्कालियॉन' नावानं २०० मिलिग्रॅमच्या गोळीत आलं, तेही थकवा-अशक्तपणासाठी, परीक्षेसाठी नव्हे. निरोगी विद्यार्थ्याची स्मरणशक्ती त्यानं वाढते, याला भक्कम पुरावा नाही. संध्याकाळी घेतलं तर झोप उडू शकते, आणि झोप गेली की पाठांतरही गेलं. चिडचिड, डोकेदुखीही होते.

बेनफोटियामिनचा खरा गिऱ्हाईक म्हणजे मधुमेहामुळं पायात मुंग्या, जळजळ असणारा माणूस. त्याला डॉक्टर दिवसाला ३०० ते ६०० मिलिग्रॅम विभागून देतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर आधी बी१२ तपासा. मुंग्या त्याच्या कमतरतेच्याही असू शकतात, आणि मग बी१ कितीही घेतलं तरी त्या जात नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ मिश्र गोळ्यांत होतो. बेनफोटियामिनबरोबर मिथाइलकोबालामिन (बी१२ चंच एक रूप), अल्फा लिपोइक अॅसिड, आणि कधी कधी प्रीगाबालिनही असतं. शेवटचं नाव पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात शोधा. नसांच्या दुखण्यावरचं हे औषध झोप आणतं, चक्कर आणतं. बापाच्या पाकिटातली तशी गोळी उचलून अभ्यासाला बसलेलं पोरगं पुस्तकावरच पेंगतं, आणि दोष द्यायला जातं व्हिटॅमिनला.