मेघवनात नजर वर ठेवा

पाऊस थांबून तास झाला तरी मेघवनात, म्हणजे बहुतेक वेळ धुक्यात बुडालेल्या डोंगराळ जंगलात, झाडाखाली उभं राहिलं की भिजायला होतं. दमट वारा डोंगराला अडून वर चढतो, थंड होतो आणि त्याचं धुकं बनतं. या धुक्याचे थेंब इतके बारीक, की ते खाली न पडता वाऱ्याबरोबर तरंगत राहतात. पान, फांदी, शेवाळ आडवं आलं की त्याला चिकटतात, एकमेकांत मिसळून जड होतात आणि मग टपकतात. पर्जन्यमापक उघड्यावर ठेवला, तर या पाण्याचा त्याला जवळपास पत्ताच लागत नाही. कोरड्या महिन्यांत मात्र ओढ्यांना त्याचा मोठा आधार असतो.

खरी गंमत फांद्यांवर आहे. शेवाळं, नेचे, ऑर्किड वर्षानुवर्षं तिथेच वाढतात, कुजतात आणि जमिनीपासून कितीतरी उंचावर माती तयार होते. काही झाडं तर स्वतःच्याच फांद्यांतून या मातीत मुळं सोडतात! कोस्टारिकातल्या मोंटेवर्दे इथल्या मेघवनात शास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी यांनी अनेक वर्षं दोरांवरून चढून हे वरचं जग अभ्यासलं. आपल्याला चढायची गरज नाही. वादळात मोडून पडलेली एखादी फांदी वाटेत दिसली, की तिथे बसावं. तिच्यावर वाढलेल्या ब्रोमेलियाडच्या (अननसाच्या कुळातल्या वनस्पतीच्या) पानांच्या बेचक्यात पाणी साचलेलं असतं. त्यात डासांच्या अळ्या वळवळतात, आणि नशीब असेल तर काडीएवढा सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर, दिसतो.

इथला केत्झाल पक्षी पाहायचा तर महागड्या दुर्बिणीपेक्षा स्थानिक वाटाड्या बरा. कोणत्या रानटी अवोकाडोला फळं धरलीत, हे त्याला ठाऊक असतं. हिरव्यागार पाठीचा हा पक्षी ओल्या पानांत हलला नाही तर दिसतच नाही. फळ तो अख्खं गिळतो, गर पचवतो आणि बी तोंडावाटे टाकतो, बहुतेकदा मूळ झाडापासून दूर.

या धुक्यात प्राणी लपून राहतात, यात नवल नाही. कोलंबिया-इक्वाडोरच्या मेघवनांतला ओलिंगिटो हा रॅकूनच्या कुळातला, झाडांवर राहणारा छोटा प्राणी ही वेगळी जात आहे, हे २०१३ साली जाहीर झालं. त्याआधी त्याच जातीची एक मादी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत फिरून आली होती, आणि कुणी ओळखलं नव्हतं.

काही प्राणी मात्र लपलेले नाहीत, संपलेत. मोंटेवर्देचा सोनेरी भेक १९८७ मध्ये दीड हजारांवर दिसला. १९८९ मध्ये एकच नर दिसला, त्यानंतर एकही नाही. कोरडं पडलेलं हवामान आणि उभयचरांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी, या दोन्हींवर संशय आहे. ही बुरशी ओल्या चिखलातून पसरू शकते, म्हणून एका जंगलातून दुसऱ्यात जाताना बूट धुऊन खडखडीत वाळवावेत.

सखल भागातला कील-बिल्ड टूकन हा मोठ्या चोचीचा पक्षी आता मोंटेवर्देत केत्झालच्या शेजारी घरटी करू लागलाय. त्याची रंगीत चोच फोटोत झकास येते. पण टूकन दुसऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्लंही खातो.