किडे मेलेले, पण ड्रॉवर जिवंत ठेवावा लागतो

युनिव्हर्सिटीतलं कीटक संग्रहालय म्हटलं की लोकांना वाटतं टाचणीला टोचलेली फुलपाखरं, काचेची पेटी, डांबरगोळ्यांचा वास, संपलं. पण मुळात हे सगळं युनिव्हर्सिटीकडे आलं कसं हे बघितलं तर मजा आहे. आधी हा श्रीमंतांचा आणि हौशी मंडळींचा छंद होता, आणि छंदाचा प्रॉब्लेम असा की माणूस गेला की पेट्यांचं काय करायचं ते घरच्यांना कळत नाही. खुद्द लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाचं तेच झालं, ज्याच्या 'सिस्टेमा नॅचुरी' या पुस्तकाच्या 1758 च्या आवृत्तीपासून प्राण्यांची शास्त्रीय नावं मोजली जातात त्याचा संग्रह 1784 मध्ये घरच्यांनी एका इंग्रज तरुणाला विकला, किडे, वाळवलेली झाडं, पुस्तकं सगळं लंडनला, आणि त्याची स्वतःची उप्सालाची युनिव्हर्सिटी बसली बघत.

ऑक्सफर्डची गोष्ट वेगळी. फ्रेडरिक होप नावाच्या पाद्र्याने 1849 मध्ये आपला संग्रह युनिव्हर्सिटीला दिला, आणि नुसते किडे देऊन मोकळा झाला नाही, प्रोफेसरच्या पोस्टसाठी पैसेही दिले. 1861 मध्ये वेस्टवूड हा कीटकशास्त्रज्ञ तिथला पहिला होप प्रोफेसर झाला. मला विचाराल तर खरी अक्कल इथे आहे, कारण पगारी माणूस नसेल तर संग्रह टिकत नाही.

आता किंमत कशाची, तर किड्याइतकीच, खरं तर जास्तच, त्याच टाचणीवर खाली खोचलेल्या नखाएवढ्या लेबलची. कुठे सापडला, कधी, कोणी पकडला. लेबल हरवलं तर उरतो तो फक्त शोभेचा किडा. पकडणाऱ्याच्या डोक्यात शंभर वर्षांनी कोण काय विचारेल हे नव्हतंच, पण 2011 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बंबलबीच्या (गुबगुबीत, केसाळ मधमाशीच्या) आठ जातींसाठी असल्या 73 हजारांहून जास्त जुन्या नोंदी काढल्या, नव्याने पकडलेल्या माश्यांशी ताडून बघितल्या, तेव्हा कळलं की चार जातींचं प्रमाण जास्तीत जास्त 96 टक्क्यांनी घसरलंय. जुने ड्रॉवर नसते तर कमी झालं म्हणजे नेमकं कशापेक्षा, हे सांगता आलं नसतं. हल्ली तर एक पाय तोडून डीएनएसुद्धा काढतात, हे पकडणाऱ्याला स्वप्नातही सुचलं नसेल.

आणि या सगळ्याचा शत्रू कोण, तर किडाच! अँथ्रेनस म्हणून दोन-तीन मिलिमीटरचा भुंगा असतो, त्याची केसाळ अळी सुकलेले नमुने आतून पोखरून खाते, वरून सगळं ठीक दिसतं. म्हणून नवीन पेटी आत घेण्याआधी काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. आणि ड्रॉवर उघडला की जाणकार माणूस आधी पंखांचे रंग बघत नाही, टाचणीच्या बुडाशी बारीक तपकिरी भुगा पडलाय का ते बघतो.