मांगूर नेमका कोणता? अडीचशे वर्षांच्या घोळाची पार्श्वभूमी

१७५८ साली कार्ल लिनियसने आशियातल्या एका मिशाळ माशाला ‘सिल्युरस बॅट्रॅकस’ हे नाव दिलं. वर्णन त्रोटक होतं आणि मूळ नमुना मागे उरला नाही. पुढे जावापासून गंगेपर्यंत जिथे जिथे काळपट, बिनखवल्यांचा, चार जोड्या मिशांचा आणि पाठभर लांब पर असलेला मासा सापडला, तिथे तो बहुतेकदा याच नावावर जमा झाला. आपला मांगूरही त्यात गेला.

वास्तविक १८२२ मध्येच फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं स्वतंत्र वर्णन केलं होतं आणि ‘मागूर’ हे इथलंच नाव त्याला दिलं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी ते रद्द धरून तो बॅट्रॅकसच ठरवला. सवयी पाहिल्या तर तसं वाटणं साहजिक होतं. कल्ल्यांच्या दुसऱ्या आणि चौथ्या कमानींवर फांद्या फुटल्यासारखा एक अवयव असतो. वर येऊन घेतलेल्या हवेतला प्राणवायू त्यातून रक्तात जातो. म्हणून हा मासा आटत्या डबक्यात तग धरतो आणि छातीच्या काट्यांवर रेटत ओल्या जमिनीवरून पुढे सरकतो. पण हा गुण हे मासे ज्यात मोडतात त्या क्लेरियस या सगळ्या वंशाचाच, ओळख पटवायला त्याचा उपयोग नाही.

खरी खूण गुणसूत्रांत होती. भारतीय मांगूरची गुणसूत्रं ५०, तर थायलंडमध्ये बॅट्रॅकस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशाची शंभराच्या आसपास. एका प्रजातीत एवढी तफावत मावत नाही. अखेर २००८ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिओक-ही इंग आणि मॉरिस कॉटेलाट यांनी जावातला नवा प्रमाण नमुना (नाव ज्याच्याशी बांधलं जातं तो मासा) ठरवला, बॅट्रॅकस हे नाव तिथल्या माशापुरतं मर्यादित केलं आणि भारतीय माशाला ‘क्लेरियस मागूर’ हे नाव परत मिळालं. त्याआधी भारतात बॅट्रॅकसवर झालेलं बरंचसं संशोधन म्हणजे मांगूरवरचंच काम, हे जुने निबंध वाचताना ध्यानात ठेवावं लागतं.

नावाचा हा घोळ माशाला महागात पडला, असं माझं ठाम मत आहे. अर्ध्या आशियात पसरलेली प्रजाती म्हटल्यावर तिची काळजी कोण करणार? नाव वेगळं झालं आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत मांगूर ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला.

तोवर दुसरं संकट आलं होतं. आफ्रिकेचा क्लेरियस गॅरीपिनस १९९०च्या दशकात बांगलादेशामार्गे चोरून भारतात आला आणि ‘थाई मांगूर’ म्हणून विकला जाऊ लागला. तो दीड मीटरच्या पुढे वाढतो आणि तळ्यातले इतर मासे फस्त करतो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी त्याचा व्यापार थांबला नाही.

दोघांतला फरक पाहायचा तर मासा वरून बघावा. डोक्याच्या कवटीचं हाड पाठीकडे जिथे संपतं, तिथे देशी मांगूरमध्ये एकच गोलसर कमान दिसते. आफ्रिकन माशात तीच कड एम अक्षरासारखी टोकदार असते. शिवाय त्याचं डोकं मोठं आणि खरखरीत, अंगावर संगमरवरासारखे राखाडी डाग आणि पोट पांढरट. देशी मांगूर बहुधा एकसारखा तपकिरी-काळा असतो. बोटभर पिल्लांत मात्र या खुणा पुरत्या उमटलेल्या नसतात आणि फसवणूक होते ती बीज, म्हणजे पाळायची पिल्लं, घेतानाच.

देशी बीज मुळात कमी मिळतं, याचं कारण माशाच्या शरीरात आहे. मांगूर पावसाळ्यात उथळ पाण्यातल्या बिळात अंडी घालतो आणि नर त्यांची राखण करतो. हॅचरीत मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन तिची अंडी दाबून काढता येतात. नराचं वीर्य तसं निघत नाही, त्यासाठी त्याला मारून वृषण बाहेर काढावे लागतात. दर हंगामाला चांगले नर असे खर्ची पडतात. आफ्रिकन माशालाही बहुतेक ठिकाणी हीच पद्धत वापरतात, पण त्याची मादी कितीतरी जास्त अंडी देते, त्यामुळे मोजक्या नरांवर बीजाचा मोठा साठा उभा राहतो.