तेरेखोल खोऱ्यातील बेकायदा कचरा

महाराष्ट्र-गोवा सीमेवरील तेरेखोल नदीच्या खोऱ्यात चोरून टाकला जाणारा कचरा आणि त्याचे परिणाम. सह्याद्रीत मनोहरगडाच्या परिसरात उगम पावलेली ही नदी सावंतवाडी तालुक्यातून बांद्यावरून उतरते, पुढे सिंधुदुर्ग जिल्हा आणि गोव्यातला पेडणे तालुका यांची हद्द होते आणि केरीजवळ समुद्राला मिळते. हद्दही सरळ नाही. उत्तर तीरावरचा तेरेखोल किल्ला गोव्यात मोडतो.

कचरा येतो रस्त्याने. हॉटेलांतले उष्टे-खरकटे, चिकन सेंटरची पिसे-आतडी, सेप्टिक टाकीतला मैला, बांधकामाचा राडारोडा रात्री टेम्पो-टँकरमधून रिकामा केला जातो. त्यासाठी आडोसा हवा : पुलाचा कठडा, व्हाळाचा (ओढ्याचा) काठ, आणि सर्वांत सोयीची म्हणजे बंद पडलेली चिरेखाण, म्हणजे जांभा दगडाची खाण. आयता खड्डा, वर रान माजलेले. पण जांभा सच्छिद्र. खाणीत कुजलेल्या कचऱ्याचे काळे पाणी त्यातून झिरपत आसपासच्या विहिरी-झऱ्यांत उतरते. उघड्यावर पडलेले सारे पावसाळ्यात व्हाळ ओढून नेतात. पहिल्या मोठ्या हौरानंतर (पुरानंतर) नदीकाठ स्वच्छ दिसतो तो यामुळे. घाण गेलेली नसते, खाडीत पोचलेली असते.

खाडीत वरचा गाव-खालचा गाव हा भेद उरत नाही. भरतीचे पाणी किरणपाणी, आरोंद्याच्या बाजूला चढते, ओहोटीला परतते, आणि एका तीरावरची पिशवी दुसऱ्या तीरावरच्या कांदळवनात श्वसनमुळांना गुंडाळून बसते. कुजणारा कचरा पाण्यातला प्राणवायू खातो. तिसऱ्या आणि कालवे हे शिंपल्यांतले जीव पाणी गाळून जगतात, त्यामुळे मैल्यातले जंतू त्यांच्या अंगात साठतात. कालवे अर्धीकच्ची खाणाऱ्याला त्याचा धोका अधिक.

कारवाई हद्दीपाशी अडखळते. कचरा एका राज्यातला, खड्डा दुसऱ्या राज्यातला, आणि प्रत्येक प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकार आपापल्या राज्यापुरता. जल प्रदूषण कायद्याच्या (1974) कलम 13 मध्ये शेजारी राज्यांना करार करून संयुक्त मंडळ नेमण्याची सोय आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाच्या कक्षेत मात्र दोन्ही राज्ये येतात. गावकऱ्यांनी गाडी अडवली तरी हाती लागतो तो ड्रायव्हर. कचरा कोणाचा, हे कागदावर क्वचितच येते.

शेजारच्या तिलारी खोऱ्यात ही गुंतागुंत आणखी वाढते. धरण दोन्ही राज्यांचे, जलाशय दोडामार्ग तालुक्यात, आणि कालव्याचे पाणी गोव्यात नळाला जाते.