ड्यूसेनबर्गचा खटका आणि आजचा पडदा

इंदुरात नवी आलिशान मोटार घेणाऱ्याला शोरूममध्ये थोड्या वेळात पडदा, मेनू आणि बटणे दाखवून किल्ली दिली जाते, आणि पुढे कित्येक दिवस पलासियाच्या गर्दीत एसीचा झोत कमी करायचा म्हटले तरी नजर रस्त्यावरून काढून पडद्याकडे न्यावी लागते. ही अडचण कशी उद्भवली हे समजून घ्यायचे तर पूर्वी चालकाच्या हाती काय काय होते ते पाहावे लागते.

रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टमध्ये स्टिअरिंगच्या मध्यभागीच छोटे दांडे असत, आणि इंजिनातील ठिणगी लवकर पडावी की उशिरा, हेसुद्धा चालकच ठरवी. पेडलांचा क्रमही सर्वत्र सारखा नव्हता. फोर्ड मॉडेल टीचे मधले पेडल गाडी मागे घेण्यासाठी होते आणि वेग हाताने वाढवावा लागे. आज आपण गृहीत धरतो ती क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि मधोमध गिअर ही मांडणी १९१६ च्या कॅडिलॅक टाइप ५३ मध्ये एकत्र आली.

या इतिहासाचा एक धागा आपल्या शहरातून जातो. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा उभारून घेणारे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे मोटार घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून नारिंगी-काळी बॉडी चढवून घेतली. माणिकबागेतील फर्निचरबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण एसजे ज्या मालिकेतली, त्या ड्यूसेनबर्गच्या जे मालिकेचा डॅशबोर्डही तितकाच लक्ष देण्याजोगा आहे, असे मला मनापासून वाटते. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारे यंत्र होते, ऑइल बदलण्याची आठवण देणारा दिवा होता, आणि रस्ता कोरडा, ओला की बर्फाळ आहे त्यानुसार ब्रेकची मदत कमी-जास्त करणारा खटकाही होता. ज्याला आज ‘ड्राइव्ह मोड’ म्हणतात, त्याचे हे जुने रूपच म्हणावे लागेल. फरक इतकाच की तो खटका नेहमी एकाच जागी असे आणि हात सरावला की डोळ्यांची गरज उरत नसे.

पुढे १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रा-मॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स आला आणि गिअर बदलण्याचा निर्णय यंत्राकडे गेला. वेग आपोआप स्थिर राखणारा क्रूझ कंट्रोल ज्यांनी शोधला, ते राल्फ टीटर लहानपणापासून अंध होते. १९५८ मध्ये तो क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये मिळू लागला. स्पर्शाने ओळखता येणाऱ्या नियंत्रणाचा उत्तम नमुना मात्र मर्सिडीजने १९७९ च्या एस-क्लासमध्ये दिला : सीट हलवण्याची कळ सीटच्याच आकाराची, दारावर बसवलेली, म्हणजे पाठीचा भाग मागे ढकलला की पाठ मागे जाते. ते शिकवावे लागत नाही.

वळण आले ते २००१ मध्ये. सोयी शेकड्यांनी वाढल्यामुळे प्रत्येकीला स्वतंत्र बटण देणे अशक्य झाले, तेव्हा बीएमडब्ल्यूने ७ सीरिजमध्ये एकच फिरती कळ आणि एक पडदा देऊन बहुतेक कामे मेनूत नेली. तिच्यावर तेव्हा कडक टीका झाली; तरी ती कळ निदान हाताला सापडत होती. २०१२ च्या टेस्ला मॉडेल एसमधील १७ इंची पडद्याने तीही काढून टाकली, आणि सपाट काचेवर बोटाला जागा कळत नाही.

आता मोटारींची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून पूर्ण गुण मिळवायचे तर इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीची कळ पडद्याबाहेर, प्रत्यक्ष हाताला लागेल अशी हवी, अशी अट घातली आहे.